तिडलावरचा विठोबा

जयश्री माझी नणंद. वयानं साठीला टेकलेली आणि डोक्यानं अजून सोळाची. हे मी तिच्या तोंडावर म्हणते, म्हणून इथं लिहायलाही हरकत नाही. आमच्या तमिळ मुलखातल्या मराठी घराण्यात कुणी ऑडिटर, कुणी इंजिनीअर, दोघं अमेरिकेत, एक सिंगापुरात. लग्नपत्रिकेत सगळ्यांची नावं डिग्रीसकट छापता येतात. जयश्रीचं नाव आलं की मात्र घरातले जरा घुटमळतात, कारण ती गाई राखते. फोटो काढून घेण्यापुरतं नव्हे, खरोखर राखते. पहाटे शेण काढते, दुपारी काठी घेऊन गुरांमागं जाते. कुंभकोणमला आमच्याकडं आली की तिच्या पातळाला येणारा गोठ्याचा वास माझ्या सोफ्याला दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो.

ही पूर्वी बँकेत होती. पंखा, खुर्ची, पेन्शन, सगळं व्यवस्थित. माझे सासरे आजारी पडले तेव्हा रजा काढून गावी गेली. गाव म्हणजे तिरुविसनल्लूरहून तिरुप्पनंदाळकडं जाताना मध्ये आडरस्त्याला लागतं ते. सासरे गेले आणि गोठ्यात त्यांच्या गाई राहिल्या. सगळ्यांनी सांगितलं, विकून टाक आणि परत ये. तिनं विचारलं, घेणारा त्यांना पुढं कुणाला विकेल ते कुणी सांगू शकतं का? कुणाला सांगता येईना. मग तिनं नोकरी सोडली. लग्न तिनं केलंच नव्हतं, त्यामुळं तिला अडवायला घरी नवराही नव्हता. अडवायला मी होते, पण माझं कोण ऐकतं?

गाई आमच्या इकडच्याच, उंबळाचेरी जातीच्या. बुटक्या, करड्या, पाय चारही पांढरे, कपाळावर पांढरा ठिपका. वासरू जन्मतं ते तांबडं, आणि काही महिन्यांत त्याचा रंग करडा होत जातो. दूध विचारू नका, एका घराची कापी, म्हणजे कॉफी, होईल एवढंच. पण खूर असे टणक की गुडघाभर चिखलात दिवसभर बैल चालतात. जयश्रीचं पोट शेणावर चालतं. हल्ली शिकलेली माणसं नैसर्गिक शेती करायला लागली आहेत, ती लांबून गाडी घेऊन शेण न्यायला येतात. शिवाय नव्या घराच्या वास्तुशांतीला गाय-वासरू आधी आत न्यावं लागतं, तेव्हा लोकांना जयश्रीची आठवण होते. ज्या शेतात तिच्या गाई चरायच्या त्याच शेतात आता घरं झाली आहेत, आणि त्या घरांत ती गाय घेऊन जाते. मी एकदा तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, गाईला काय, तिची ओळखीचीच जागा आहे.

आता तिडल काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं मोठा पाऊस दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो. तेव्हापासून संक्रांतीपर्यंत जिकडं पाहावं तिकडं भातशेती आणि पाणी. गुरांना पाय टेकायला कोरडी जागा नसते. म्हणून जुन्या लोकांनी गावाबाहेरचा एक उंचवटा गुरांसाठी राखून ठेवलेला. त्याला इथं तिडल म्हणतात, आपलं गायरान म्हणा. आमचं तिडल आमच्या कुठल्याशा पूर्वजानं धर्मादाय म्हणून सोडलेलं. कागदावर आमच्या तीन घरांचं सामाईक, चरायला साऱ्या गावाचं. मधोमध एक उभा दगड आहे, छातीएवढा उंच. हा दगडही त्यानंच रोवला. गाईला अंग खाजवायला काही नसलं तर ती बिचारी काय करणार, म्हणून गायरानात असा दगड रोवणं हे या मुलखात मोठं पुण्याचं काम. किती पिढ्यांच्या गाईंनी त्याला मान घासली देव जाणे, पण दोन्ही बाजूंनी तो मध्यावर झिजून गुळगुळीत झाला आहे. वर रुंद, मध्ये बारीक, खाली पुन्हा रुंद. कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं असावं तसा दिसतो.

पाच वर्षांपूर्वी विजयराघवाच्या डोक्यात आलं की हे तिडल विकावं. विजयराघव म्हणजे माझ्या नवऱ्याचा आणि जयश्रीचा चुलतभाऊ. चेन्नईत मोठ्या हुद्द्यावर होता, निवृत्त होऊन कुंभकोणमला फ्लॅट घेऊन राहिला. माणूस वाईट नाही. पण रिकामी जागा दिसली की त्याच्या हाताला खाज सुटते. गावात गुरं राहिली कुठं, म्हणाला, ट्रॅक्टर आले, एकटी जयश्री आणि खालच्या वस्तीतली चार घरं, त्यांच्यासाठी एवढी जागा अडवून ठेवायची? तिसऱ्या घराला त्यानं पटवलं. माझ्या नवऱ्यालाही पटवलं, कारण माझ्या नवऱ्याला आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. जयश्रीनं साफ नकार दिला, तर तो म्हणाला, बरं, तुझा वाटा ठेव, बाकीचं मोजून घेतो.

मोजणारी माणसं येणार त्या सकाळी जयश्रीनं काय करावं? तिनं तो दगड घासूनपुसून धुतला. हळद फासली, वर ठसठशीत कुंकू लावलं, जास्वंदीचं फूल ठेवलं आणि पुढं पणती लावली. माणसं आली, त्यांनी पाहिलं आणि लांबूनच चपला काढल्या. हे कोण, त्यांनी विचारलं. आमचा विठोबा, जयश्री म्हणाली. त्यांनी टेप गुंडाळली, नमस्कार केला आणि गेले. देवाच्या जागेत खुंट्या ठोकायला आमच्याकडं कुणी धजत नाही. विजयराघव फोनवर तिच्यावर ओरडला, पण त्याच्याही पोटात भीती शिरली असणार, कारण विक्रीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. त्या संध्याकाळी जयश्री माझ्याकडं आली आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मी म्हटलं, पोरी, तू तर मंत्री व्हायला हवी होतीस. खोटं कशाला सांगू, मला तिचा अभिमान वाटला होता.

पण देव एकदा उभा केला की त्याला कोण आवरणार?

आठवडाभरात खालच्या वस्तीतल्या अलमेलुनं मोगऱ्याची माळ घातली. अलमेलुच्या दोन गाई तिडलावरच चरतात, तिला दगड काय आहे ते चांगलं माहीत. पण माळ घातल्यावर तिच्या सुनेचा ताप उतरला, मग तीही काही बोलेना. महिन्याभरात कुणी पिवळं वस्त्र बांधलं, कुणी त्रिशूळ आणून रोवला. विठोबाला त्रिशूळ! जयश्रीनं तो रातोरात, म्हणजे निदान कुणी बघत नसताना, काढून ठेवला. पुढच्या वर्षी स्वामीनाथ आला. हा गावचाच, बस कंडक्टर होता, निवृत्तीनंतर त्याला वेळ जात नव्हता. त्यानं कमिटी काढली. पत्र्याची शेड आली, दानपेटी आली, भोंगा आला. झिजलेली कंबर बघून तो सगळ्यांना सांगायचा, हा स्वयंभू आहे, कुणाच्या हातानं घडलेला नाही. यात तसं खोटं काही नव्हतंच म्हणा.

आणि मग लावण्याचं झालं. लावण्या विजयराघवाची एकुलती एक. लग्नाला आठ वर्षं, मूल नाही. चेन्नईत डॉक्टर झाले, इकडं मूल देणाऱ्या तिरुक्करुगावूरच्या देवीला तूप वाहून झालं, सासरी टोमणे झाले. दमून पोरगी काही महिने माहेरी येऊन राहिली. दुपारी लॅपटॉप मिटला की स्कूटीवर बसून तिडलावर जायची, संध्याकाळ होईतो तिथं बसायची. मग ती परत गेली आणि वर्षाच्या आत तिला मुलगी झाली. विजयराघवानं सगळ्यांना सांगून टाकलं की त्या विठोबानंच दिली. जो माणूस जागा विकायला निघाला होता तोच आता सर्वांत मोठा देणगीदार झाला. देवाला सणावारी घालायचं चांदीचं कवच, खाली ग्रॅनाइट, चहूबाजूंनी भिंत, भिंतीला लोखंडी फाटक. सगळं त्याच्याकडून.

भिंत म्हटल्यावर गाईंचं काय, हे आलंच. आधी स्वामीनाथ म्हणाला, शुक्रवारी तेवढ्या गाई आणू नका, गर्दी असते. मग शनिवारही. मग म्हणाला, गाभाऱ्याजवळ शेण पडतं, भक्त घसरतात, तक्रारी येतात. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर काटेरी तार आली, भिंत होईपर्यंत म्हणून. तो अख्खा पाऊस जयश्रीच्या गाई कालव्याच्या बांधावर उभ्या राहिल्या, खुरं चिखलात. संक्रांतीपर्यंत तीन गाईंची खुरं सडली. ती रोज कडुलिंबाच्या पाण्यानं धुवायची, हळद-तेल भरायची, आणि गाय पाय झटकून तिलाच लाथ मारायची. एक गाय गेली. दुसरी, शेणबगम नावाची, सगळ्यांत म्हातारी, कशीबशी वाचली. त्या दिवसांत मी गावी गेले तर जयश्री गोठ्यात उकिडवी बसून होती. मला बघून ती हसली नाही. म्हणाली, "अजून एक पावसाळा असा गेला तर मला त्या विकाव्या लागतील वहिनी. आणि विकल्या की कुठं जातात ते तुला ठाऊक आहे."

मला फार वाईट वाटलं. रागही आला. म्हटलं, हा तुझाच देव, तूच आणलास त्याला.

या वर्षी श्रावणात प्रतिष्ठेचा दिवस ठरला. शास्त्रोक्त होम, कलश, पाणी, सगळं. ते झालं की फाटक बसणार. आदल्या रविवारी शेडमध्ये गावाची बैठक, विजयराघव लावण्याला आणि तिच्या मुलीला घेऊन येणार. शनिवारी जयश्री माझ्याकडं आली आणि म्हणाली, उद्या मी सगळ्यांना खरं सांगणार. मी तिला समजावलं. एक म्हणजे गाव तुला फाडून खाईल, एवढी वर्षं दगडापुढं नाक घासायला लावलंस म्हणून. दुसरं म्हणजे देव नाही असं ठरलं की विजयराघवाची भीती गेली. तो दुसऱ्याच दिवशी मोजणारे बोलावील. गप्प बसलीस तर निदान दर अमावास्येला गाई आत सोडा म्हणून गयावया तरी करता येईल. जयश्रीनं सगळं ऐकून घेतलं.

"देव राहिला तर गाई जातात," ती म्हणाली, "देव गेला तर जागा जाते. मग निदान माझ्या तोंडून खरं होऊन जाऊ दे."

या बाईला मी काय सांगणार? रविवारी मीही तिच्याबरोबर गेले. ती एकटी उभी राहिली असती तर मला घरी अन्न गोड लागलं नसतं.

शेड भरली होती. स्वामीनाथनं आधी खर्चाचं सांगितलं, मग भोजनाचं, मग गाईंवर आला. म्हणाला, फाटक बसल्यावर जयश्री अम्मांनी मोठ्या मनानं सहकार्य करावं. टाळ्या पडल्या. तेव्हा जयश्री उठली. बाहेर आम्ही तमिळच बोलतो, तेव्हा ती तमिळमध्येच बोलली, पण इतकं सरळ की मला शब्दन् शब्द आठवतो.

"हा गाईंनी अंग घासायचा दगड आहे. आमच्या पूर्वजानं त्यासाठीच रोवला. जागा विकली जाऊ नये म्हणून कुंकू मी लावलं. ज्यांच्यासाठी लावलं त्याच आता बाहेर उभ्या आहेत, म्हणून सांगते."

स्वामीनाथचा चेहरा लाल झाला. त्यानं माईक बंद केला आणि मग बोलला, ते एक बरं केलं. आम्हाला वेड्यात काढलंत, म्हणाला, वयाची तरी लाज धरायची. दोघं-तिघं उठून उभे राहिले. एक म्हातारा हात जोडून दगडाकडं बघत क्षमा मागत होता, दगडाची की कुणाची ते त्यालाच ठाऊक. अलमेलु मान खाली घालून बसली होती. मग ती मान वर न करता म्हणाली की तिलाही माहीत होतं, सगळ्या जुन्या बायकांना माहीत होतं. मला वाटलं, संपलं. मी जयश्रीचा हात धरला.

पण सगळे बघत होते विजयराघवाकडं. एवढा खर्च त्याचा, आणि नातही त्याचीच. तो खुर्चीवरून उठला आणि आमच्याजवळ आला. आवाज अगदी खाली आला होता, आणि तो मराठीत बोलला, घरच्यासारखा.

"मग माझ्या लावण्याचं कोणी केलं, जयश्री? मी तर इथं रोज नाक घासलं."

जयश्रीचे डोळे भरून आले. तेवढ्यात लावण्या पुढं आली, कडेवर पोर घेऊन. या मुलीला मी लहानपणापासून ओळखते, चार लोकांत तोंड उघडायची नाही. ती म्हणाली, "अप्पा, मी या दगडाकडं कधीच काही मागितलं नाही."

मग ती सगळं बोलून गेली. आधी मराठीत, मग लोकांना कळावं म्हणून तमिळमध्ये. त्या महिन्यांत घरी आई विचारायची, सासूचा फोन आला की ती विचारायची, देवळात गेलं तर पुजारी विचारायचा, केळी विकणारीसुद्धा विचारायची. इथं आत्याच्या गाई असायच्या. त्या येऊन मान घासायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. तांबडं वासरू तिची ओढणी चघळायचं. कुणी काही विचारत नव्हतं. ती तेवढ्यासाठी यायची. घरी गेली की त्या दिवशी तिला झोप लागायची. "मूल कशानं झालं मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण मी जिवंत राहिले ती या गाईंमुळं. तुम्ही त्यांनाच भिंतीबाहेर ठेवायला निघालात."

विजयराघवाला हे काही माहीत नव्हतं. आपली मुलगी जिवंत राहते की नाही, असे दिवस तिच्यावर आले होते, हेच त्याला त्या घटकेला पहिल्यांदा कळलं. एवढा मोठा माणूस, चेन्नईत ज्याच्यापुढं लोक उभे राहायचे, त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मीही रडले. जयश्री तर रडतच होती. स्वामीनाथनंही माईक पुन्हा चालू केला नाही.

मग विजयराघव शेडच्या बाहेर गेला. भिंतीला टेकवून ठेवलेलं नवं फाटक, अजून रंगही न वाळलेलं, त्यानं एका बाजूनं उचललं. एकट्याला कसं उचलणार, कमरेत उसण भरायची. दोघं गवंडी धावले. त्यांनी विचारलं, साहेब, कुठं बसवू? तो म्हणाला, बसवायचं नाही, परत न्या. आणि मागं वळून जयश्रीला त्यानं एवढंच विचारलं, "गाई कुठं आहेत?"

गाई कालव्याच्या बांधावर होत्या. दोघं भावंडं त्या उन्हात बांधाकडं निघाली, मागून लावण्या, तिच्यामागून अलमेलु. पांढऱ्याशुभ्र वेष्टीतला, म्हणजे धोतरातला, विजयराघव शेणाचिखलातून चालत होता आणि जयश्री त्याला कुठं पाय ठेवायचा ते सांगत होती. सगळ्यांत पुढं शेणबगम. ती लंगडतच तिडलाच्या चढाला लागली. ग्रॅनाइटवर खुरांचा आवाज झाला, लोक बाजूला झाले. ती कुणाकडं न बघता सरळ दगडाजवळ गेली, हळदकुंकवानं माखलेल्या त्या कमरेला तिनं मान लावली आणि घासू लागली. एवढी खाज वर्षभर कुठं साठवली होती कोण जाणे. थांबेचना.

स्वामीनाथ बघत राहिला. मला वाटलं आता हाकलतो. पण तो कंडक्टर माणूस, कुणाला आत घ्यायचं आणि कधी, याचा निर्णय त्याला पटकन घेता येतो. त्यानं लोकांना सांगितलं की होम होईल, पूजा होईल. पूजा पहाटे होईल आणि उन्हं वर आली की जागा गाईंची. सगळ्यांनी हात जोडले ते नेमके कुणाला, हे मी विचारलं नाही. अलमेलु पुढं झाली. शेणबगमच्या मानेला लागलेली हळद तिनं बोटावर घेतली आणि लावण्याच्या मुलीच्या कपाळाला लावली. त्याबरोबर मागं रांगच लागली. दगडाकडं कुणी गेलं नाही, सगळे गाईकडं. म्हातारी शेणबगम मान घासत होती आणि लोक तिच्या मानेची हळद घेत होते. जयश्री सगळ्यांना ओरडत होती की तिच्या पायाला धक्का लावू नका, खूर अजून दुखतो.